एकतीस सुटलेले चेंडू

ऑगस्ट लागला की सुखदेव रामटेके यांच्या हाउन्सलोच्या घरात फ्रिजवरच्या कॅलेंडरचं जुलैचं पान फाडलं जायचं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर अठरा नावं लिहिली जायची. ही अठरा नावं म्हणजे लीगचा सर्वोत्तम संघ. आजूबाजूच्या सहा बेसबॉल क्लबांची ती छोटीशी लीग होती. वर्षातून एकदा तिथले निवडक खेळाडू एकत्र येऊन दक्षिणेकडच्या दुसऱ्या लीगशी सामना खेळायचे. या निवडीत खेळाडूंना मत नव्हतं आणि कोचनाही नव्हतं. पूर्वी कोच निवडायचे तेव्हा भांडणं फार व्हायची, म्हणून हे काम सहा क्लबांच्या सहा स्कोअररांवर सोपवलं होतं. त्यांनी आपापल्या वह्या घेऊन एका शनिवारी ईलिंगला बसायचं आणि चहा संपेपर्यंत यादी करायची, अशी रीत होती.

हाउन्सलो हेरन्सची वही सुखदेवरावांकडे होती. वय त्र्याहत्तर. चौतीस वर्षं विमानतळावरच्या एका कार्गो शेडमध्ये काढलेली, आणि तेवढीच वर्षं रविवारी मराठी मंडळींच्या क्रिकेट क्लबाची धावसंख्या लिहिलेली. पोरं मोठी होऊन पांगली तसा तो क्लब बंद पडला. मग नातू देव बेसबॉलकडे वळला आणि आजोबाही मागोमाग गेले. खेळ नवा होता, पण वही आणि पेन्सिल ओळखीची होती. क्रिकेटची एक सवय मात्र सुटली नव्हती. अंपायरने खूण केली की स्कोअररने हात वर करून 'लिहिलं' असं कळवायचं, ही क्रिकेटची पद्धत. बेसबॉलमध्ये तसलं काही नसतं. तरी सुखदेवराव प्रत्येक वेळी टेबलामागून हात वर करायचे आणि अंपायर बिचारा गोंधळून त्यांना हात हलवून दाखवायचा.

"यंदा शॉर्टस्टॉप कोण घ्यायचा?" देवने चेहरा अगदी भोळा ठेवून विचारलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा. सगळ्यात जास्त चेंडू तिकडेच येतात. देव तिथेच खेळायचा.

"विचारतोस काय? घरचाच आहे."

"आजोबा, that's nepotism."

"आकडा आहे बेटा. हजारी तीनशे अठ्ठ्याऐंशी हिट. लीगमध्ये तिसरा."

शशीकलाबाई पोळ्या लाटत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "आपला तो बाब्या आन् दुसऱ्याचं ते कार्टं."

"अगं, वही आहे ना माझ्याकडे. मी काही मनाने लिहितो का?"

"तुम्हाला कोण काय म्हणतंय बाप्पा? मी म्हण सांगितली."

पिचर पाच घ्यायचे होते. चार नावं भराभर झाली. पाचव्यापाशी देव म्हणाला, "अन्वी?"

सुखदेवरावांनी चष्मा काढून पुसला. अन्वी शिरोडकर हेरन्सची पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणारी. सबंध लीगमधली एकटी मुलगी. तिचा चेंडू फार वेगाने जायचा नाही, पण शेवटच्या क्षणी असा खाली बसायचा की धिप्पाड माणसं हवेत बॅट फिरवून आपल्याच पायाकडे बघत राहायची. सुखदेवरावांना तिचा खेळ बघताना जुने फिरकी गोलंदाज आठवायचे. पण पिचरचा आकडा म्हणजे नऊ डावांमागे त्याच्या नावावर लागलेल्या रन. जितका लहान तितका चांगला. अन्वीचा आकडा होता सहा पॉइंट चार तीन.

"मन म्हणतं घ्या," सुखदेवराव म्हणाले. "वही म्हणते नको."

तेवढ्यात बेल वाजली आणि अन्वीच आत आली. प्रॅक्टिसला जाताना ती देवला गाडीतून न्यायची.

"जय भीम आजोबा. आजी, काय मस्त वास येतोय!" तिची नजर फ्रिजवर गेली. तिने सगळी यादी वाचली.

"सहा चार तीन," ती म्हणाली. "मला माहितीये. लीगच्या वेबसाइटवर आहे." मग हसली. "माझं शेवटचं वर्ष होतं ना, म्हणून जरा बघितलं. ऑक्टोबरपासून ॲबर्डीनला जॉब आहे. तिथे बेसबॉल कुठला?"

"कोच बोलेल ना कोणाशी तरी," देव म्हणाला.

"अजिबात नाही हं." ती एकदम ताठ झाली. "तीन वर्षं ऐकतेय, टीममध्ये मुलगी पाहिजे म्हणून घेतलीये. आता all-star मध्येपण मुलगी पाहिजे म्हणून? आकड्यांवर आले तर येईन, नाहीतर नको."

दोघं गेल्यावर सुखदेवराव पुन्हा यादीपाशी आले. पाचव्या पिचरची जागा त्यांनी रिकामी ठेवली.

मंगळवारी मॉरीनचा फोन आला. मॉरीन वॉटफर्डच्या क्लबाची स्कोअरर. एका शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढून रिटायर झालेली. लीगचे सगळे आकडे एकत्र करायचं काम तिच्याकडे होतं.

"सुखदेव, मी फील्डिंगचा तक्ता करतेय," ती म्हणाली. "तुमच्या मैदानावर अकरा सामने झाले. अकरा सामन्यांत एकही एरर नाही. तुमच्याकडे देवदूत खेळतात की काय?"

सुखदेवराव हसले. त्यांना ते कौतुकच वाटलं. "मी E लिहीत नाही. चेंडू सुटला तर सुटला. फलंदाज बेसवर पोचला की त्याला हिट देतो. बिचाऱ्या फील्डरचं नाव कशाला खराब करायचं?"

"सुखदेव," मॉरीन जपून म्हणाली, "मग त्या रन कोणाच्या नावावर जातात?"

"कोणाच्या म्हणजे?"

"फील्डरने सोपा चेंडू सोडला आणि तुम्ही E लिहिलात, तर त्यातून निघालेल्या रन पिचरच्या आकड्यात धरत नाहीत. त्याचा काय दोष? पण तुम्ही हिट लिहिलीत, तर त्या सगळ्या पिचरच्याच."

सुखदेवरावांनी फोन ठेवला तेव्हा शशीकलाबाईंनी विचारलं, "काऊन हो, चेहरा असा काऊन झाला?"

"वही बघायची आहे," ते म्हणाले.

E हे अक्षर त्यांना ठाऊक होतं. देवने आणून दिलेल्या पुस्तिकेत ते होतं. पण क्रिकेटच्या वहीत झेल सुटल्याची नोंद होत नाही. गोलंदाजाच्या नशिबी त्यापुढच्या धावा येतात आणि खेळ पुढे जातो. चुकीला रकानाच नसलेली वही! सुखदेवरावांना क्रिकेटची वही आवडायची ती त्यासाठीच. कारण आठवडाभर ते ज्या शेडमध्ये राबत, तिथे चुकीला रकाने भरपूर होते. पेटी फुटली, फॉर्म. लेबल उलटं लागलं, फॉर्म. फॉर्मवर नाव.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत प्रयोगशाळेच्या काचसामानाची एक पेटी दुसऱ्याच माणसाच्या फोर्कलिफ्टवरून पडली होती. त्या माणसाचं नाव कोणीच लिहिलं नाही. तो सुपरवायझरच्या पबमधला दोस्त होता. पण फॉर्ममध्ये एक नाव तर लागतं, म्हणून शेवटची सही ज्याची होती त्याचं लिहिलं गेलं. एस. रामटेके. त्या वर्षी होणारं त्यांचं प्रमोशन झालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. तेव्हापासून त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपल्या पेन्सिलीने कोणाच्या नावावर चूक लावायची नाही.

आणि आता चार दिवसांवर निवडीची बैठक आलेली असताना त्यांना समजत होतं की चूक न लिहिल्याने ती नाहीशी होत नाही. फॉर्ममध्ये एक नाव लागतंच. सबंध उन्हाळाभर ते नाव अन्वीचं होतं.

त्यांनी वही उघडली. क्रिकेटची दुसरी एक सवय इथे कामी आली. सामना संपला की कॅप्टन विचारायचा, "रामटेके, आज झेल कोणी सोडले हो?" म्हणून ते समासात बारीक पेन्सिलीने खूण करून ठेवायचे. 'सु.' म्हणजे सुटला, आणि पुढे नाव. बेसबॉलच्या वहीतही हात आपोआप ते लिहीत गेला होता. कोणाला दाखवायला नाही, फक्त स्वतःसाठी. अकरा सामने, दोन्ही संघ मिळून एकतीस वेळा 'सु.'

एकेक डाव पुन्हा मांडत गेले. ही चूक झाली नसती तर डाव कुठे संपला असता, पुढच्या कुठल्या रन निघाल्याच नसत्या, असं करत बुधवारची सबंध दुपार गेली. एकतीसमधले बारा 'सु.' देवच्या नावापुढे होते. अन्वीच्या नावावरच्या पस्तीस रनपैकी पंधरा तिच्या नव्हत्याच. त्या काढल्या की आकडा तीन पॉइंट सहा सातवर येत होता. पाचव्या जागेसाठी तिची चुरस वॉटफर्डच्या एका पिचरशी होती. त्याचा आकडा तीन पॉइंट चार. म्हणजे हुकलंच.

फक्त एका खुणेपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं होतं. बावीस जून, सहावा डाव. 'सु.? देव.' चेंडूने विचित्र उसळी घेतली होती की देवच गाफील होता, ते टेबलावरून दिसलं नव्हतं. त्या चेंडूनंतर तीन रन निघाल्या होत्या. ती चूक धरली तर अन्वीचा आकडा तीन पॉइंट एक दोन होत होता. पण शंका असेल तर फलंदाजाला हिट द्यायची, असं पुस्तिकेत स्पष्ट छापलं होतं. आणि नियम म्हणजे नियम. विहाराच्या सभांचं इतिवृत्त ते वीस वर्षं लिहीत आले होते. आपल्याला हवं म्हणून कधी एक ओळ इकडची तिकडे केली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी देव शिफ्टवरून आला आणि वांग्याच्या भाजीशी पोळी खायला बसला. तेव्हा सुखदेवरावांनी त्याला सगळं सांगितलं. प्रश्नचिन्हाचं तेवढं सांगितलं नाही.

देवचा घास हातातच राहिला. "बारा? Twelve? Come on, आजोबा."

"कमी नाहीत, जास्त नाहीत."

"म्हणजे मी आउट."

"तुझ्या हिटपण कमी होतात. समोरच्या टीमच्या चुकांवर मी तुला दिलेल्या होत्या ना. तीनशे अकरावर येतोस. अठरात बसणं कठीण आहे."

"पण मॉरीनला फक्त zero माहितीये. बारा माहीत नाही." देव हळू बोलू लागला. "तुमची पेन्सिल मराठी आहे. त्या रूममध्ये कोणाला वाचता येतं? पाच सांगा, सहा सांगा."

"देव," शशीकलाबाई म्हणाल्या.

"मी फक्त बोलतोय, आजी. फक्त बोलतोय." त्याने ताट सिंकमध्ये ठेवलं आणि जिना चढून गेला. वरचं दार आपटलं नाही, पण लागल्याचा आवाज मात्र खाली आला.

पोरगं खोटं बोललं नव्हतं. ईलिंगच्या त्या खोलीत 'सु.' वाचू शकणारं एकच माणूस असणार होतं.

सकाळी दहा वाजता ते वह्यांची पिशवी घेऊन बसस्टॉपकडे निघाले, तर दारात गाडी सुरू होती. देव स्टिअरिंगवर होता.

"बसा," तो पुढे बघतच म्हणाला. "पिशवी जड आहे."

ईलिंगला लायब्ररीच्या मागच्या खोलीत सहा स्कोअरर, एक चहाची किटली आणि मॉरीनने आणलेल्या बेकवेल टार्टांचा डबा. देव पिशवी ठेवून दाराशी उभा राहिला. सुखदेवराव उठले आणि विहारातल्या सभेत उठतात तसे हात मागे बांधून त्यांनी सांगितलं, "माझी सबंध सीझनची वही चुकली आहे. ती दुरुस्त करायला परवानगी हवी."

मॉरीनने लीगचे नियम काढले. निर्णय बदलायचा तर सामन्यानंतर चोवीस तासांत. त्यापुढे सगळ्या स्कोअररांची संमती लागेल.

"आणि संमती द्यायची म्हणजे," स्लाउच्या क्लबाचा दाढीवाला स्कोअरर म्हणाला, "आमच्याही पोरांच्या हिट जाणार."

"जाणार," सुखदेवराव म्हणाले.

"मला वाटायचंच," मॉरीन डोक्याला हात लावून म्हणाली, "आमचा शॉर्टस्टॉप अर्जुन एरवी गाईसारखा धावतो, पण तुमच्या मैदानावर गेला की हिरो कसा होतो!"

सगळे हसले. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आधी वाचा. सगळे. नावासकट. मग मत घेऊ."

सुखदेवरावांनी चष्मा चढवला. वाचायला लागले. तारीख, डाव, नाव, E. वॉटफर्डच्या सेंटर फील्डचा एक. स्लाउच्या कॅचरचे दोन. दाढीवाल्याने मान हलवून आपल्या वहीत लिहून घेतलं. मग देव. मग हेरन्सचा तिसऱ्या बेसवरचा. मग देव. देव. नातवाचं नाव आपल्याच तोंडून इतक्यांदा या सुरात कधी निघालं नव्हतं. नवव्या वेळी थांबून त्यांनी चहाचा घोट घेतला. दाराकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"बावीस जून. सहावा डाव. शॉर्टस्टॉप." ते थांबले. "इथे माझं प्रश्नचिन्ह आहे. उसळी खराब असू शकेल. मला दिसलं नाही. नियमाप्रमाणे हिट राहू द्यावी लागेल."

मॉरीनने पेन टेकवलं. "मग हिट."

"नाही," देव दारातून म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. तो आधी इंग्रजीत त्यांच्याशी बोलला आणि मग, का कोण जाणे, आजोबांशी मराठीत. "उसळी नव्हती, आजोबा. सरळ बॉल होता. मी रनरकडे बघत होतो. तो माझ्या ग्लोव्हला लागून गेला. अन्वीला माहितीये. ती काही बोलली नाही. लिहा."

मॉरीनने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. ती आकडे करणारी बाई. या एका चेंडूने पाचव्या पिचरच्या जागेवरून वॉटफर्डचा मुलगा जातो, हे तिने एव्हाना मनातल्या मनात मांडलं होतं. "तुझ्याच टीमच्या पिचरसाठी बोलतोयस तू."

"स्वतःच्या against बोलतोय," देव म्हणाला. "बारा होते माझे. तुम्ही अकरा करताय. मला बारा द्या."

मग स्लाउच्या दाढीवाल्याने हात वर केला. एकेक करत चार झाले. मॉरीनने डब्यातला शेवटचा टार्ट उचलला, तो देवच्या हातात दिला आणि रिकामा झालेला हात वर केला.

पाचवी पिचर म्हणून अन्वीचं नाव पडलं. शॉर्टस्टॉपला वॉटफर्डचा अर्जुनही नाही आणि देवही नाही, तर स्लाउचाच कोणी. दाढीवाला त्यावर काही बोलला नाही, फक्त चहा संपेपर्यंत मधूनमधून हसत होता.

अन्वीला सुखदेवरावांनी स्वतः सांगितलं, रविवारी, मैदानावर, वही उघडून. त्यांना वाटलं होतं ती उड्या मारील. तिने आकडा वाचला, खालचा हिशोब वाचला आणि वही मिटली.

"सगळा सीझन, आजोबा," ती म्हणाली. "सगळा सीझन मी घरी जाऊन विचार करत होते की लोक म्हणतात तेच खरं असेल."

"चुकलो, बेटा."

"तुम्ही प्रत्येक मॅचनंतर मला म्हणायचात, छान टाकलंस. मला वाटायचं, दया करताय."

"ते खरं होतं. वही खोटी होती."

मग तिने त्यांच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि समोर धरली. "मग तुमच्या नावापुढे पण टाका. E."

पहिल्या पानावर वर 'स्कोअरर: एस. रामटेके' असं होतं. सुखदेवरावांनी त्यापुढे ठळक E काढला. सत्त्याऐंशीनंतर पहिल्यांदा त्या नावापुढे चूक लागली होती, आणि या वेळी ती त्याच नावाची होती. अन्वीने नीट बघून खात्री केली आणि ग्लोव्ह उचलून मैदानात गेली.

तिसऱ्या डावात तिचा चेंडू तसाच खाली बसला. फलंदाजाने तो जेमतेम खरवडला आणि तो टुणटुणत शॉर्टस्टॉपकडे गेला. अगदी सोपा. देव वाकला, आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हखालून निघून गेला.

"अरे देवा!" टेबलाशेजारी घडीच्या खुर्चीत बसलेल्या शशीकलाबाई म्हणाल्या.

सुखदेवरावांनी पेन्सिल टेकवली. लिहिण्याआधी मान वर केली. पलीकडे धुळीत उभा असलेला देव त्यांच्याकडेच बघत होता. त्याने ग्लोव्ह डोक्यावर उंच धरला.

सुखदेवरावांनी E लिहिला आणि नेहमीप्रमाणे हात वर केला.